विद्यार्थ्यांचे विज्ञान-संशोधन नियतकालिक सुरू करताना

विद्यापीठातील विद्यार्थी स्वतःचे विज्ञान-संशोधन नियतकालिक काढायचे ठरवतात, तेव्हा पहिल्या बैठकीतला बहुतेक वेळ नाव, मुखपृष्ठ आणि प्रकाशन समारंभाची तारीख यांवर जातो. नव्या कामाच्या उत्साहात ते स्वाभाविकही आहे. परंतु अशा एका नियतकालिकाचा सल्लागार म्हणून त्याच्या अगदी सुरुवातीपासून मी त्याच्या जवळ राहिलो आहे, आणि त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की सर्वांत आधी ठरवायला हवी ती गोष्ट वेगळीच आहे : आलेला शोधनिबंध कोण वाचणार, कसा वाचणार, आणि वाचून झाल्यावर लेखकाला नेमके काय लिहून कळवणार. नियतकालिकाचे स्वरूप, अंकांची संख्या, संपादक मंडळाची रचना, इतकेच काय पण त्याचे आयुष्यसुद्धा या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहते. इतर विद्यापीठांतले विद्यार्थी हे काम हाती घेण्यापूर्वी अधूनमधून मला विचारतात, म्हणून जे त्यांना तुकड्यातुकड्यांत सांगत आलो ते येथे सलग लिहीत आहे.

मुळात असे नियतकालिक हवे कशाला, हा प्रश्न आधी घेतला पाहिजे, कारण विद्यापीठातले अधिकारी तो विचारणारच. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा किंवा पदव्युत्तर प्रकल्प हा बहुतेक विद्यार्थ्यांच्या आयुष्यातला पहिला खरा शास्त्रीय प्रयत्न असतो. महिनोन्‌महिने खपून तो पुरा होतो, त्याचा अहवाल बांधला जातो, तोंडी परीक्षा होते, गुण मिळतात आणि अहवाल विभागाच्या कपाटात जातो. त्या अहवालाचे वाचक जेमतेम दोन किंवा तीन, आणि त्यांचे वाचनही गुण देण्यासाठी. त्यातला निष्कर्ष टिकतो का, दुसऱ्या कोणी तोच प्रयोग केला तर तेच उत्तर येईल का, हे विचारण्यासाठी कोणीही तो उघडत नाही. पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी तोच विषय घेतो आणि त्याच अडचणींना नव्याने सामोरा जातो. प्रस्थापित संशोधन नियतकालिकांपर्यंत यातले फारच थोडे काम पोचते, आणि जे पोचते त्यात विद्यार्थ्याचे नाव अनेकदा मधेच कोठेतरी असते. कपाट आणि प्रस्थापित नियतकालिक यांच्यामध्ये एक पायरी लागते, आणि विद्यार्थ्यांचे नियतकालिक ही ती पायरी आहे.

विद्यार्थ्याच्या हातून प्रकाशनयोग्य काम होऊ शकते का, अशी शंका ज्यांना येते त्यांना मी चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या पहिल्या शोधनिबंधाची आठवण करून देतो. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना, वर्णपटमापीवर लोलकाचा कोन मोजण्याचा नेहमीचा प्रयोग करताना त्यांना विवर्तनाचे पट्टे, म्हणजे कडेवरून जाताना प्रकाश वळल्याने उमटणारे उजळ-गडद पट्टे, दोन्ही बाजूंना सारखे नसल्याचे दिसले. त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९०६ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यावरचा त्यांचा निबंध 'फिलॉसॉफिकल मॅगझीन'मध्ये छापून आला. सगळेच विद्यार्थी रामन नसतात, हे मान्य आहे. मला लक्ष वेधायचे आहे ते त्या निबंधाच्या आकाराकडे. तो एका लहानशा, काटेकोर निरीक्षणाविषयी होता. प्रयोगशाळेतल्या ठरावीक प्रयोगात अपेक्षेहून वेगळे काही दिसले, ते नोंदवले, त्याचे कारण शोधले, एवढेच त्यात होते. आणि एवढे करणारे विद्यार्थी कोणत्याही विद्यापीठात प्रत्येक वर्षी असतात.

आता परीक्षणाकडे येतो, कारण मला सर्वांत अधिक लिहायचे आहे ते त्याविषयीच. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकातले शोधनिबंध प्राध्यापकांनी तपासावेत, असा सोपा मार्ग पुष्कळ जण सुचवतात. त्यात निबंधाचा दर्जा कदाचित सुधारेल, पण मग ते नियतकालिक विद्यार्थ्यांचे राहत नाही. गुण देणारी मंडळी तीच आणि परीक्षण करणारीही तीच, असे होऊन प्रकल्प-अहवालाचीच दुसरी आवृत्ती निघते. माझ्या मते प्रत्येक निबंध किमान दोन विद्यार्थी-परीक्षकांनी वाचावा आणि त्यांचे अहवाल आल्यानंतरच त्या विषयातल्या एका प्राध्यापकाने निबंध व अहवाल दोन्ही एकत्र पाहावेत. प्राध्यापकाचे मत आधी कळले की विद्यार्थ्याचे स्वतःचे मत तयारच होत नाही, त्यामुळे हा क्रम महत्त्वाचा आहे.

परीक्षण कसे करावे, हे मात्र कोणीही जन्मतः शिकून आलेले नसते. नवा परीक्षक दोनांपैकी एका टोकाला जातो : एक तर शुद्धलेखन आणि विरामचिन्हे तपासून निबंध परत करतो, नाही तर आपल्याच मित्राचे काम आहे म्हणून दोन ओळींची स्तुती लिहून मोकळा होतो. यावर आम्हाला उपयोगी पडलेला उपाय असा, की पहिला निबंध हाती देण्यापूर्वी परीक्षकांच्या गटाला आधीच प्रसिद्ध झालेला, त्यांच्या आवाक्यातला एखादा शोधनिबंध द्यावा आणि त्यावर प्रत्येकाला स्वतंत्र अहवाल लिहायला सांगावा. मग सगळे अहवाल शेजारीशेजारी ठेवून वाचले की, एकाला दिसलेली त्रुटी दुसऱ्याला का दिसली नाही, याची चर्चा आपोआप सुरू होते. अहवालाची मांडणीही ठरवून द्यावी. लेखकाचा दावा काय आहे, तो परीक्षकाने प्रथम स्वतःच्या शब्दांत लिहावा. त्या दाव्याला आधार म्हणून कोणती निरीक्षणे दिली आहेत आणि ती पुरेशी आहेत का, हे त्यानंतर. दिलेल्या वर्णनावरून दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसाला हा प्रयोग जसाच्या तसा करता येईल का, हे तिसरे. भाषा, आकृत्या आणि संदर्भांची मांडणी यांविषयीच्या सूचना सर्वांत शेवटी. दावा स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची अट अगदी साधी वाटते, पण पुष्कळदा तेथेच परीक्षकाच्या लक्षात येते की निबंधात नेमका दावाच नाही.

विद्यार्थ्यांच्या निबंधांत पुन्हापुन्हा आढळणाऱ्या त्रुटींची ओळख परीक्षकांना आधीच करून दिली, तर त्यांची नजर लवकर तयार होते. आलेखावर प्रत्येक बिंदूला वरखाली जाणारी रेघ असते, पण ती प्रमाण विचलन (मोजमापे किती विखुरलेली आहेत) दाखवते की प्रमाण त्रुटी (काढलेली सरासरी किती अनिश्चित आहे), हे कोठेच सांगितलेले नसते. आणि प्रमाण त्रुटी ही प्रमाण विचलनाला नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून येत असल्याने दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा होतो. मिलिमीटरच्या पट्टीने मोजलेल्या लांबीवरून काढलेले उत्तर दशांश चिन्हापुढे चार अंकांपर्यंत दिलेले असते. एकाच काचपात्रातल्या वाढीची तीन वेळा नोंद घेऊन तीन स्वतंत्र नमुने असल्याप्रमाणे आकडेमोड केलेली असते. ही शेवटची चूक इतकी सार्वत्रिक आहे की स्टुअर्ट हर्लबर्ट या परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये केवळ तिच्यावर एक सविस्तर शोधनिबंध लिहिला, आणि त्यात दाखवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांची नव्हती, प्रसिद्ध झालेल्या संशोधनातली होती. विद्यार्थी-परीक्षकाने ही चूक एकदा दुसऱ्याच्या निबंधात पकडली, की स्वतःचा प्रयोग आखताना तो ती सहसा करत नाही. परीक्षणाचा खरा लाभ लेखकाइतकाच परीक्षकाला होतो, असे मी म्हणतो ते यामुळेच.

लेखकाचे नाव परीक्षकाला आणि परीक्षकाचे नाव लेखकाला कळू द्यायचे नाही, ही पद्धत अनेक नियतकालिके पाळतात. एका विद्यापीठाच्या आत ती निम्मीशिम्मीच पाळली जाते, हे मोकळेपणाने मान्य केलेले बरे. कोणत्या प्रयोगशाळेत कोणते उपकरण आहे, कोण कोणत्या विषयावर काम करतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून केवळ नावे झाकण्यावर विसंबू नये. आपण लेखकाच्या प्रयोगशाळेत काम करत नाही, त्याच मार्गदर्शकाकडे नाही, लेखकाशी जवळची मैत्री वा वितुष्ट नाही, असे परीक्षकाकडून लेखी घ्यावे. आणि शक्य असेल तेथे दुसऱ्या विद्यापीठातल्या अशाच नियतकालिकाशी परीक्षकांची देवाणघेवाण करावी. निबंध नाकारायचा असेल तर संपादकाने पत्र स्वतः लिहावे, परीक्षकांचे अहवाल जसेच्या तसे पाठवून मोकळे होऊ नये. हाच लेखक पुढच्या सत्रात परीक्षक म्हणून आपल्याला हवा असतो.

यापुढची अडचण वेळापत्रकाची आहे आणि ती फार कमी लोकांच्या लक्षात येते. विद्यार्थ्याचा प्रकल्प वर्षअखेरीस संपतो. निबंध त्यानंतर येतो, परीक्षणाला काही आठवडे लागतात, आणि परीक्षक जेव्हा लिहितो की तुलनेसाठीचा नियंत्रित नमुना घेतलेला नाही, तेव्हा उपकरण दुसऱ्या गटाकडे गेलेले असते, रसायने संपलेली असतात आणि लेखक विद्यापीठ सोडून गेलेला असतो. अगदी योग्य अशी सूचनासुद्धा मग निरुपयोगी ठरते. या अडचणीचे उत्तर मला एका वेगळ्या क्षेत्रातल्या प्रयोगातून मिळाले. 'कॉर्टेक्स' या मेंदूविज्ञानाच्या नियतकालिकाने २०१३ मध्ये अशी पद्धत सुरू केली की संशोधकाने प्रयोग करण्याआधी आपला प्रश्न, पद्धत आणि विश्लेषणाची योजना परीक्षणासाठी पाठवायची. योजना मान्य झाली आणि ती प्रामाणिकपणे पाळली, तर उत्तर काहीही येवो, निबंध स्वीकारला जाईल. तेथे या पद्धतीचा हेतू हवे तेच निष्कर्ष निवडून छापण्याची प्रवृत्ती रोखण्याचा होता. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाला तिचा आणखी एक फायदा होतो : परीक्षकाची सूचना प्रयोग सुरू होण्यापूर्वीच येते, म्हणजे ती अमलात आणता येते. सगळ्याच निबंधांना हे लागू करता येणार नाही, पण वर्षाच्या सुरुवातीला प्रकल्पांच्या योजनांचे दोन पानी मसुदे मागवून त्यांवर परीक्षकांचे अभिप्राय देण्याची सोय प्रत्येक विद्यार्थी-नियतकालिकाने करावी, असे मला मनापासून वाटते. नियतकालिकाने एकही अंक काढला नाही आणि एवढेच केले, तरी विभागातल्या प्रकल्पांचा दर्जा बदलेल.

आता मार्गदर्शकांचा प्रश्न. नव्या संपादकांना सर्वांत मोठा विरोध अनपेक्षित ठिकाणाहून होतो : चांगल्या, सक्रिय संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांकडून. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे असते. विद्यार्थ्याने केलेले मोजमाप हा पुष्कळदा प्रयोगशाळेच्या मोठ्या कामाचा एक भाग असतो. तो भाग विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात आधी छापला गेला, तर पुढे मोठा निबंध पाठवताना प्रस्थापित नियतकालिक म्हणू शकते की हे निष्कर्ष आधीच प्रसिद्ध झालेले आहेत. ही भीती निराधार नाही. एकच संशोधन दोनदा प्रसिद्ध करणे बहुतेक नियतकालिकांना चालत नाही, आणि आधीचे प्रकाशन कशाला म्हणायचे याचे नियम प्रत्येकाचे वेगळे असतात. म्हणून निबंध स्वीकारण्यापूर्वी मार्गदर्शकाची लेखी संमती घेण्याचा नियम पहिल्या दिवसापासून असावा, आणि त्याच्या जोडीला संमती मिळवणे सोपे जाईल असे पर्यायही असावेत. ज्या कामाचा पुढे मोठा निबंध होणार आहे त्याचा केवळ सारांश छापता येईल. पद्धतीवरचा निबंध लिहिता येईल : उपकरण कसे जुळवले, त्याचे अंशशोधन कसे केले, मोजमापातली अनिश्चितता कोठून येते आणि ती कशी कमी केली. मार्गदर्शकाच्या मुख्य कामाशी संबंध नसलेला, विद्यार्थ्याने स्वतःहून घेतलेला छोटा प्रश्न तर नेहमीच चालेल. स्वामित्वहक्क लेखकाकडेच ठेवून ठरावीक अटींवर मजकूर कोणालाही वापरू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या एखाद्या परवान्याखाली निबंध खुला ठेवला, की पुढे स्वतःचीच आकृती वापरण्यासाठी लेखकाला कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

लेखक म्हणून कोणाचे नाव द्यायचे, हा प्रश्न यालाच लागून येतो आणि तो नाजूक आहे. मार्गदर्शकाचे नाव आदर म्हणून घालायचे, प्रयोगशाळेतल्या वरिष्ठाचे नाव भीती म्हणून घालायचे, आणि सोबत राबलेल्या मित्राचे नाव विसरायचे, असे घडते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती १९७८ पासून या प्रकारचे नियम करत आली आहे आणि तिच्या आजच्या नियमांत लेखकपणासाठी चार अटी एकत्रितपणे पुऱ्या व्हाव्या लागतात : कामाची कल्पना, आखणी, माहिती गोळा करणे किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करणे, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. या अटी विज्ञानाच्या इतर शाखांतही उपयोगी पडतात. निबंधाच्या शेवटी प्रत्येकाने काय केले हे एकेका वाक्यात लिहायची सक्ती केली, तर ज्यांनी काहीच केले नाही त्यांची नावे बहुधा आपोआप गळतात. ज्यांनी उपकरण दिले, नमुने दिले, सल्ला दिला, त्यांचे ऋण आभारांत व्यक्त करावे. ते कमी प्रतीचे नाही.

निष्कर्ष 'आला नाही' अशा कामांचे काय करायचे, हेही स्थापनेच्या वेळीच ठरवावे. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांनी ईथरमधून, म्हणजे प्रकाश ज्यातून प्रवास करतो असे तेव्हा मानत त्या माध्यमातून, होणाऱ्या पृथ्वीच्या गतीचा प्रकाशाच्या वेगावर होणारा परिणाम मोजायचा प्रयत्न केला आणि अपेक्षित परिणाम सापडला नाही, असेच प्रसिद्ध केले. भौतिकशास्त्राच्या इतिहासातल्या अत्यंत महत्त्वाच्या शोधनिबंधांपैकी तो एक आहे. प्रस्थापित नियतकालिकांना नकारात्मक निष्कर्ष छापायला अनेकदा नको असतात. विद्यार्थ्यांच्या नियतकालिकावर तसे दडपण नसते, कारण त्याला कोणत्याही क्रमवारीत वर चढायचे नसते. प्रसिद्ध झालेला प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि तोच निष्कर्ष मिळाला, किंवा मिळाला नाही, असे सांगणारे निबंध तर विद्यार्थ्यांनीच लिहावेत असे आहेत. अट एवढीच की 'परिणाम दिसला नाही' आणि 'परिणाम दिसण्याइतका प्रयोग संवेदनशील नव्हता' यांतला भेद लेखकाने आकड्यांनिशी स्पष्ट केला पाहिजे. हा भेद न करता आलेला निबंध परत पाठवावा.

वयाचा आणि अनुभवाचा संबंध दर्जाशी जोडण्याआधी आणखी एक उदाहरण आठवण्यासारखे आहे. २०१० मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या विज्ञानसंस्थेच्या 'बायॉलॉजी लेटर्स' या नियतकालिकाने इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन या गावच्या प्राथमिक शाळेतल्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांनी केलेल्या प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध केला. भुंग्यांसारख्या बंबलबी माश्या फुलांचे रंग आणि त्या रंगांची मांडणी यांचा उपयोग करून खाद्य कोठे आहे हे शिकू शकतात का, हा त्यांचा प्रश्न होता. आकृत्या मुलांनी हाताने रंगवलेल्या होत्या आणि पूर्वीच्या संशोधनाचे संदर्भ निबंधात नव्हते; ती उणीव भरून काढण्यासाठी नियतकालिकाने तज्ज्ञांचे एक टिपण सोबत छापले. प्रश्न खरा होता आणि प्रयोग त्या प्रश्नाला उत्तर देत होता. संपादकांनी नेमके हेच दोन निकष मनात ठेवावेत.

नीतिनियमांच्या बाबतीत मात्र विद्यार्थी म्हणून कोणतीही सवलत देऊ नये. माणसांकडून प्रश्नावली भरून घेतली असेल, सहाध्यायांचा रक्तदाब मोजला असेल, प्राण्यांवर काही केले असेल, तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता काम सुरू होण्याआधीची असली पाहिजे. ती मागाहून मिळत नाही, आणि ती नसेल तर निबंध कितीही चांगला असला तरी छापता येत नाही. हे विद्यार्थ्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगणे ही संपादकांची जबाबदारी आहे. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या संगणक-प्रणालीने दिलेला टक्का हा निर्णय नसतो. कार्यपद्धतीच्या वर्णनातली जुळणारी वाक्ये आणि दुसऱ्याचा युक्तिवाद उचलणे यांतला फरक माणसानेच वाचून ठरवायचा असतो. अलीकडे त्यात एक नवे काम वाढले आहे. मजकूर तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी दिलेले संदर्भ कधीकधी अस्तित्वातच नसतात : लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, पण तसा निबंध कोणी लिहिलेलाच नाही. यावर उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. प्रत्येक निबंधाचा प्रत्येक संदर्भ कोणीतरी उघडून पाहायचा आणि तो संदर्भ जेथे दिला आहे तेथले विधान त्यात खरोखर आहे का, हे तपासायचे.

तांत्रिक बाजू आता फारशी अवघड राहिलेली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. निबंध स्वीकारण्यापासून प्रसिद्ध करण्यापर्यंतची सगळी कामे करणारी 'ओपन जर्नल सिस्टिम्स' ही मुक्त संगणक-प्रणाली २००१ पासून उपलब्ध आहे आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाने मनावर घेतले तर ती चालवता येते. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक घ्यावा. मात्र तो केवळ नियतकालिकाची ओळख आहे, त्याच्या दर्जाचा शिक्का नाही, हे विद्यार्थ्यांना आणि त्याहून अधिक प्रशासनाला समजावून सांगावे लागते. प्रत्येक निबंधाला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळाला तर संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी निबंध सापडत राहतो, पण तो देण्यासाठी नोंदणी संस्थेचे सदस्यत्व आणि त्याचे शुल्क चालू ठेवावे लागते, तेव्हा तो खर्च ग्रंथालयाच्या कायम तरतुदीत बसवल्याशिवाय सुरुवात करू नये. लेखकांकडून पैसे घेऊ नयेत. छापील अंक काढायचाच असेल तर मोजक्या प्रती ग्रंथालयांसाठी काढाव्यात.

निबंध स्वीकारायचा की नाही याचा अंतिम निर्णय विद्यार्थी-संपादकांचा असेल, हे नियमावलीत स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे. सल्लागार प्राध्यापक शास्त्रीय चूक दाखवू शकतात, नीतिनियमांचा भंग झाला असेल तर प्रकाशन थांबवू शकतात, परंतु एखादा निबंध छापाच असे सांगू शकत नाहीत. माझ्यासारख्या सल्लागाराला हे बंधन जाचक वाटावे असे प्रसंग येतात, आणि तरीही ते असावे.

विद्यार्थी-नियतकालिके बंद पडण्याचे सर्वांत मोठे कारण पैशांचा अभाव हे नसते. संपादक पदवी घेऊन निघून जातात, हे असते. ज्यांनी हौसेने स्थापना केली त्यांची तुकडी बाहेर पडते आणि दुसऱ्या तुकडीला परीक्षकांची यादी कोठे आहे, प्रणालीचा परवलीचा शब्द कोणाकडे आहे, अर्धवट राहिलेल्या निबंधांना काय कळवले होते, यातले काहीच माहीत नसते. व्यक्तीवर उभे राहिलेले नियतकालिक व्यक्तीबरोबर डळमळते, हे या परंपरेच्या आरंभापासूनच दिसते. रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ च्या मार्चमध्ये लंडनला 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे आद्य विज्ञान-नियतकालिकांपैकी एक सुरू केले ते जवळजवळ एकट्याच्या बळावर; त्या वर्षी प्लेगची साथ आली तरी छपाई ऑक्सफर्डला हलवून त्यांनी ते चालू ठेवले. १६७७ मध्ये ते वारले, त्यानंतर ते नियतकालिक अडखळत चालले आणि काही वर्षे बंदही राहिले. रॉयल सोसायटीने त्याची जबाबदारी औपचारिकपणे स्वतःकडे घेतली ती १७५२ मध्ये, आणि निबंध निवडण्यासाठी समिती नेमली. विद्यार्थ्यांच्या हाती इतका अवधी नसतो. म्हणून संपादक मंडळात प्रत्येक वर्षाचे विद्यार्थी असावेत, मुख्य संपादकाने आपल्या कारकिर्दीचे शेवटचे सत्र उपसंपादकाच्या शेजारी बसून काम सोपवण्यात घालवावे, आणि पत्रांचे नमुने, परीक्षकांची यादी, घेतलेले निर्णय व त्यांची कारणे हे सगळे विद्यापीठाच्या खात्यावर एका ठिकाणी असावे, कोणाच्याही खासगी ईमेलमध्ये नसावे. ही कामे कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत. पण दुसरा, तिसरा आणि पाचवा अंक यांतूनच निघतो.

राहिला प्रश्न जतनाचा. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यांवरच्या प्रयोगांविषयीचा आपला निबंध १८६५ मध्ये ब्रुन (आजचे चेक प्रजासत्ताकातले ब्रनो) येथील निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचला आणि पुढच्या वर्षी तो त्या मंडळाच्याच कार्यवृत्तात छापला गेला. मंडळ स्थानिक होते, त्याचे सदस्य बहुतांशी हौशी होते आणि कार्यवृत्ताला फारशी प्रतिष्ठा नव्हती. तरीही मंडळाने आपले अंक अनेक देशांतल्या संस्थांना आणि ग्रंथालयांना नियमाने पाठवले होते. तब्बल ३४ वर्षांनी, १९०० मध्ये, द फ्रीस, कोरेन्स आणि चेर्माक या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आनुवंशिकतेविषयीचे, मेंडेल यांच्याशी जुळणारे आपापले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा मेंडेल यांचा तो निबंध वाचता येण्याजोगा उपलब्ध होता. ज्या मंडळाने कदाचित त्या निबंधाचे महत्त्व ओळखले नव्हते, त्याने तो नीट छापण्याचे आणि वाटण्याचे काम मात्र चोख केले होते.

आपल्या नियतकालिकात मेंडेल येतील म्हणून हे करायचे नाही. ज्या विद्यार्थ्याने आपले काम आपल्या हवाली केले त्याला दिलेल्या शब्दासाठी करायचे. प्रत्येक अंकाची प्रत विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात आणि शक्य असल्यास विद्यापीठाबाहेरच्या एका भांडारातही ठेवावी, आणि निबंधांसोबत त्यांची मूळ मोजमापेही ठेवावीत. नियमावलीचे शेवटचे कलम नियतकालिक बंद पडण्याविषयीचे असावे, असा आग्रह मी प्रत्येक नव्या संपादक मंडळाकडे धरतो. सलग दोन वर्षे अंक निघाला नाही तर नियतकालिक थांबले असे ग्रंथालयाने जाहीर करावे, परीक्षणात अडकलेले निबंध लेखकांना लेखी कळवून मोकळे करावेत, संकेतस्थळाचे सगळे पत्ते ग्रंथालयातल्या प्रतींकडे वळवावेत, आणि नंतरच्या एखाद्या तुकडीला ते पुन्हा सुरू करायचे असल्यास तेच नाव, तोच आयएसएसएन आणि तीच नियमावली तिच्या हाती द्यावी. हे कलम लिहायला अर्धा तास लागतो, आणि ते पहिला अंक निघण्याआधीच लिहून, त्यावर ग्रंथपालांची सही घेऊन ठेवावे.